जिवली मावशीनं फाडून दिलेली पानं

"शून्य?"

"शून्य."

"पाच वर्सांत एक पन नाय?"

"एकही नाय. विद्यापीठानं लिहिलंय मावशी, मी नाय लिहिलं. माझ्यावर कशाला डोळे काढता?"

ऑफिसातले क्लार्क मनोजभाऊ यांनी छापील कागद टेबलावरून पुढे सरकवला. जिवली मावशीनं तो उचलला नाही. तिची बोटं खळीनं बरबटली होती. ती तशीच लांब धरून ती वाकली आणि नाक कागदाला टेकेल इतक्या जवळून वाचू लागली. आधार वर्ग, शहापूर केंद्र. लाभार्थी एकतीस. उत्तीर्ण शून्य. शिफारस: केंद्र ३१ जानेवारीपासून बंद करावे.

खालीच मुरबाड केंद्राची ओळ होती. लाभार्थी दोनशे दहा, उत्तीर्ण एकशे वीस.

"मुरबाडला एकशे वीस," मावशी म्हणाली. "आन आमी शून्य. बरा हाय."

"गुरुवारी समितीची ऑनलाइन मीटिंग आहे. शिक्कामोर्तब झालं की नऊ नंबरची खोली स्टोअररूमला द्यायचीय. सरांनी सांगितलंय."

"आरं, पन माझी पोरं पास झालीत. मी पेढे खाल्लेत त्यांचे!"

मनोजभाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला. "मावशी, पेढ्यांचा डेटा नसतो."

जिवली मेंगाळ ही आमच्या शहापूरच्या कॉलेजात ग्रंथालयाची शिपाई. उंची चार फूट दहा इंच, आवाज सहा फुटांचा. फाटलेली पुस्तकं शिवणं, पुठ्ठे चिकटवणं हे तिचं कागदावरचं काम. पण प्राचार्यांपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळे तिला ओळखत ते आधार वर्गाची मावशी म्हणून. विद्यापीठाची ही योजना केटी लागलेल्या मुलांसाठी. केटी म्हणजे विषयात नापास होऊनही पुढच्या वर्गात जायचं, आणि तो विषय मात्र शेपटीसारखा मागे लटकत राहायचा. एकाला एक शेपूट असतं, कुणाकुणाला चार. शिकवायला कॉलेजातलेच शिक्षक येत. पण दुपारी चार वाजता खोलीचं कुलूप काढणं, फळा पुसणं आणि मुख्य म्हणजे खोलीत पोरं आणणं हे मावशीकडे. त्यासाठी तिचा फोन आणि तिचा आवाज.

"कोंडूदादा, तुमचा भाविक कुठं हाय? खळ्यावर? त्याला सांगा, भात उद्या पन झोडता येल, अकाउंटचा सर उद्या नाय!"

मावशी स्वतः बारावी नापास. त्या काळी तिच्या शाळेत नापासांची वेगळी यादी फलकावर लागायची. ती यादी कुणी काढलीच नाही. वर्षभर उन्हानं कागद पिवळा पडला, कडा गळल्या, पण 'मेंगाळ जिवली' तेवढं वाचता येत राहिलं. बाजाराला जायचा रस्ता शाळेवरूनच होता. "येताना भाजीची पिशवी या हातात, जाताना त्या हातात," ती सांगायची, "म्हंजे पिशवीकडं बगत जायचा, तोंड भिताडाकडं करायला नको."

म्हणून आधार वर्गाची वही करताना तिनं स्वतःचा एक नियम केला. ग्रंथालयातल्या कोऱ्या पडलेल्या नोंदवह्या तिनं घेतल्या, छापील पान क्रमांकाच्या. एका पोराला एक पान. वर नाव, गाव, विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक, अडलेला विषय. खाली आलेल्या दिवसांच्या तारखा, आणि कडेला तिची बारीक टिपणं. 'घरी लाईट नाय.' 'वजाबाकीत हातचा इसरतो.' 'उपाशी येते, इचारायचं नाय, बिस्कीट पुढं ठेवायचं.' आणि पोरगं पास झालं, की भर वर्गात ते पान पट्टी लावून टर्रकन फाडायचं आणि त्याच्या हातात द्यायचं.

"घे तुझा पान. आता माझ्या वहीत तुझा नाव नाय. चल, नीघ!"

पोरं टाळ्या पिटायची. त्या पानासोबत फोटो काढायची. खुद्द पदवीच्या कागदासोबत कुणी इतके फोटो काढले नसतील.

आता एवढं सांगितल्यावर वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल काय घडलं ते. पण त्या सोमवारी शहापूरच्या कॉलेजात ते कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. मनोजभाऊंनी डिसेंबरात 'वर्गाची यादी दे' म्हटलं होतं, मावशीनं वही दिली होती, त्यांनी वहीत होती ती नावं टाइप करून पाठवली होती. सरळ काम.

लक्षात आलं ते नम्रताच्या.

नम्रता मुरबाडजवळच्या गावातली. संख्याशास्त्रात एमएस्सी, विद्यापीठात निकालांचा डेटा तपासायची नोकरी. रविवारी ती घरी आली होती. सोमवारी परत मुंबईला जायच्या ऐवजी स्कूटर काढून ती थेट शहापूरला आली आणि अकराच्या सुमाराला ग्रंथालयाच्या दारात, हेल्मेट काखेत मारून, उभी राहिली.

"जिवली मेंगाळ आपणच का?"

मावशी एका शब्दकोशाचा कणा शिवत होती. सुई वर न उचलता म्हणाली, "पुस्तक पायजे तर कार्ड दाखवा."

"मी विद्यापीठातून आलेय. त्या अहवालासाठी."

सुई थांबली. "काय बगायला आलाव, मॅडम? शून्य?"

"हो, शून्यच बघायला आले." नम्रतानं हेल्मेट टेबलावर ठेवलं. "मावशी, केटीची शंभर पोरं खोलीत नुसती कोंडून ठेवली, काही शिकवलं नाही, तरी तीस-चाळीस सुटतात. पाच वर्षांत एकतीसातलं एकही सुटलं नाही? इतकं वाईट शिकवायलाही मेहनत लागते."

मावशीनं तिच्याकडे टक लावून पाहिलं. हसावं की सुई टोचावी हे तिचं ठरत नसावं.

"वही दाखवता?"

वह्या तीन होत्या. नम्रतानं पहिली उघडली. पान क्रमांक चार. पुढचं पान अकरा. मग बारा. मग एकदम सव्वीस. मधे शिलाईला धरून राहिलेल्या कागदाच्या अरुंद पट्ट्या, एकीला एक लागून.

"ही पानं कुठायत?"

"दिली."

"कुणाला?"

"ज्याची त्याला."

"का पण?"

"पास झाली म्हनून! पास झालेल्याचा नाव नापासांच्या वहीत कशाला ठेवायचा?"

नम्रता हळूच स्टुलावर बसली. "आणि जी वहीत उरलीत..."

"ती अजून व्हायचीत." बोलता बोलता मावशीचा आवाज बारीक होत गेला. तिनं वहीकडे पाहिलं, नम्रताकडे पाहिलं, मग ऑफिसच्या दिशेला पाहिलं. "आगं बाय. म्हंजे असा झाला. आवणीला वाफ्यातली रोपं उपटून शेतात नेली. मागं वाफ्यात उरली चार मरतुकडी. आन तुमचा इद्यापीठ वाफ्याच्या बांधावर उभा राहून सांगतंय, औंदा भात झालाच नाय!"

"हेच!" नम्रतानं टेबलावर थाप मारली. "अगदी हेच, मावशी!"

"मनोज्या!" मावशीची हाक ऑफिसपर्यंत, आणि ऑफिसातून पार एसटी स्टँडपर्यंत गेली असावी.

मग दोघींनी पट्ट्या मोजल्या. एकशे चौसष्ट. वहीत उरलेली एकतीस. म्हणजे पाच वर्षांत एकशे पंच्याण्णव पोरं, एकतीस नव्हेत.

"झाला तर मग," मावशी म्हणाली. "एकशे चौसष्ट पास. लिवून टाक."

"असं कसं लिहू? फाटलेली पट्टी म्हणजे पास, हे समिती का मानेल?"

"नावं सांगू? समदी पाठ हायत मला."

"समिती म्हणेल, कॉलेजातल्या पास झालेल्या कुणाचंही नाव ही बाई सांगेल. तुम्ही नाही सांगणार, ते मला दिसतंय. पण त्यांना तुम्ही माहीत नाही. मला पान पाहिजे. पानावर नोंदणी क्रमांक आहे, तारखा आहेत, तुमचं अक्षर आहे. क्रमांक मिळाला की निकाल आमच्याकडे आहेच, तो मी लगेच जुळवते. आणि पान नाही मिळालं, तर त्याला मी नापास धरणार."

"का गो? मेला पास असून?"

"तुम्हाला माहितीये मावशी. माझ्या डेटाला नाय माहीत." पहिल्यांदाच तिच्या तोंडून घरचं 'नाय' निघालं. मावशीनं ते टिपलं, आणि त्यानंतर नम्रता मॅडम राहिली नाही. "बरा पोरी," ती म्हणाली, "गुरुवार म्हंजे तीन दिवस. सांग काय करायचा."

मावशीला लिहिण्यापेक्षा बोलणं सोपं. ग्रंथालयातल्या दोन कपाटांमधे, आवाज घुमू नये म्हणून, ती उभी राहिली आणि कॉलेजच्या जुन्या-नव्या सगळ्या ग्रुपवर तिनं बोलून पाठवलं:

"हॅलो. हॅलो. चालू झाला का गो? हां. मी जिवली मावशी बोलतंय, नऊ नंबरवाली. ज्यांना ज्यांना मी पान दिला, त्यांचा पान मला परत पायजे. इद्यापीठानं मागितलाय. बुधवारच्या चार वाजंच्या आत. हयगय करू नको, नायतर लय वाईट होल."

आता सांगा, असा निरोप आल्यावर माणसानं काय समजावं?

वाशिंदहून हरेशचा फोन दहा मिनिटांत आला. तो तिथल्या कारखान्यात होता. "मावशी, मी सुपरवायझर झालोय गो! माझं लग्न ठरलंय! निकाल परत घेतात का असा?" साईनाथ नावाचा एक जण अर्धी रजा टाकून थेट कॉलेजात धडकला आणि ऑफिसच्या खिडकीत ओरडू लागला, की चार वर्षांनी केटी परत लावायची असेल तर लेखी कारण द्या. एका मुलीनं नुसती रडणारी तोंडं पाठवली, बावीस. मुरबाडला सासर असलेल्या गोजरच्या सासूनं तर फोन हातातूनच घेतला.

"कोन मावशी? आमच्या सुनंचा पान देव्हाऱ्यात हाय. रोज हळदकुंकू वाहते मी. ते इद्यापीठाला देनार नाय. काय करायचा ते करा!"

"आवो, पास हाय ती, पासच राहील..."

"मग मागता कशाला?"

नम्रता कपाळ धरून हसत होती. "मावशी, दुसरा निरोप टाका. आणि 'लय वाईट होल' म्हणू नका."

दुसरा निरोप असा गेला: "हॅलो. ऐका रे. कुनी परत नापास झालेला नाय. घाबरू नका. पान तुमचाच हाय. नुसता फोटो पाठवा, नंबर दिसल असा. तुमी पास झालाव हे मला इद्यापीठाला दाखवायचा हाय, नायतर वर्ग बंद करतील. आन सुपरवायझर झाल्याचा मला आधी कुनी सांगितला नाय, त्याचा मागून बगते."

आणि मग पानं यायला लागली.

कुणाचं लॅमिनेट केलेलं. कुणाचं रेशन कार्डाच्या प्लास्टिकात, कार्डाच्या वर. एकाचं टेम्पोच्या काचेला आतून चिकटवलेलं, त्यावर लिंबू-मिरचीची सावली. एकाचं चार तुकड्यांत. धाकट्या भावानं फाडलं होतं, आईनं भाताच्या शितांनी जोडलं होतं. गोजरचं देव्हाऱ्यातूनच, समईच्या उजेडात. कुंकवाचा एक थेंब नेमका क्रमांकावर.

"हा आठ आहे की तीन?" नम्रतानं फोन डोळ्यांजवळ नेला.

"सासूला इचारू?"

"नको! दोन्ही क्रमांक टाकून बघते. एकच गोजर असेल."

मावशी प्रत्येक फोटो आला, की वहीतली त्या क्रमांकाची पट्टी शोधायची आणि पेन्सिलीनं तिच्यावर बारीक टिंब द्यायची. कडेची स्वतःचीच टिपणं वाचून मधेच थांबायची. "ही बग, ही उपाशी यायची. आता हाटेल हाय तिचा."

बुधवारी दुपारी तीनपर्यंत एकशे एक्केचाळीस पट्ट्यांवर टिंबं पडली. तेवीस कोऱ्या. फोन नंबर बदललेले, गाव सोडलेले, पान हरवलेले. साडेतीनला दारात दीपेश उभा राहिला.

दीपेश वाशिंदचा. एका गोदामात नोकरीला. दोन वर्षांपूर्वी अर्थशास्त्र सुटलं म्हणून त्यानं अख्ख्या वर्गाला पेढे वाटले होते. मावशीनं त्याला बघून हात पसरले. "आलास? तुझा फोटो नाय आला म्हनून मी आताच..."

त्यानं पान तिच्या हातात दिलं. चार घड्या घातलेलं, घड्यांवर काळं पडलेलं.

"फोटो पाठवायचा होता रे, येवढ्या लांब..."

"फोटो नाय पाठवला. हे परत घे मावशी. मी पास नव्हतो झालो."

ग्रंथालयात तेव्हा चार-पाच जणं वाचत होती. कुणाच्या तरी हातातलं पान उलटायचं राहिलं.

"काय म्हनालास?"

"नऊ मार्क कमी होते. त्या दिवशी सगळे तुझ्याकडून पान घेत होते. बाबांनी निकालाच्या आधीच गावात सांगून टाकलं होतं, पोरगा ग्रॅज्युएट झाला. मी पण हात पुढे केला. तू विचारलंस नाय काहीच."

"इचारायचा काय? तू पेढा आनलास."

"आणला."

"मला चारलास. ह्या हातानं."

दीपेशनं मान खाली घातली. मावशी त्याच्याकडे नाही, पानाकडे बघत होती. कडेला तिचंच टिपण होतं: 'हुशार हाय. घाबरतो.'

नम्रता हलकेच म्हणाली, "दीपेश, तू आला नसतास तरी चाललं असतं. ज्यांची पानं नाहीत, त्यांना मी नापासच धरतेय. कुणाला कळलंच नसतं."

"मला काय माहीत तुमचं काय धरायचं ते," तो म्हणाला. "तिनं निरोपात सांगितलं ना, कुनी परत नापास झालेला नाय. ते ऐकलं आणि जेवणच उतरेना. दोन वर्षं कुणी 'पदवीचा कागद दाखव' म्हटलं, की मी 'घरी राहिला' म्हणतो. दमलो मी."

मावशीनं त्याला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पान नम्रतापुढे ठेवलं. "हा नापास लिव."

"धरलाच होता, मावशी."

"धरला व्हतास. आता म्हायती हाय. धरना येगळा आन म्हायती असना येगळा."

मग ती वळली आणि तिचा चेहरा एकाएकी उतरला. नम्रता नंतर सांगत होती, की शून्य बघूनही ही बाई इतकी घाबरली नव्हती.

"पोरी," मावशी म्हणाली, "मी कुनाचाच निकाल बगितला नाय कदी. कुनी आला, पास झालो म्हनाला, की पान फाडला. ह्यानं खोटा पेढा चारला. अजून कितींनी चारला असल?"

 उत्तर होतं विद्यापीठाच्या निकालात. नम्रतानं लॅपटॉप पुढे ओढला. एकशे एक्केचाळीस क्रमांक एका रकान्यात, शेजारचा रकाना रिकामा. "बघू?"

"थांब." मावशीनं पदर खोचला, मग काढला, मग परत खोचला. खुर्चीत बसली, उठली. "हां. बग."

नम्रतानं बटण दाबलं. शेजारचा रकाना वरून खाली भरत गेला. मावशीला पडदा बघवेना, म्हणून ती नम्रताच्या तोंडाकडे बघत राहिली. दीपेश भिंतीला टेकून उभा. खिडकीत मनोजभाऊ, चष्मा कपाळावर.

"किती खोटी?" मावशीनं विचारलं.

नम्रतानं परत एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"एकही नाही."

"परत बग."

"दोनदा बघितलं. एकशे एक्केचाळीसच्या एकशे एक्केचाळीस. सगळी सुटलीत मावशी. तुमचे बाकीचे पेढे खरे होते."

जिवली मावशी खुर्ची शेजारी असताना खाली फरशीवर बसली. दोन्ही पाय पसरले. तोंडावर पदर घेतला, आणि पदराआडून जो आवाज आला तो रडण्याचा की हसण्याचा, हे वाचणाऱ्या चार-पाच जणांना शेवटपर्यंत कळलं नाही. मनोजभाऊ खिडकीतून आत न येता तिथूनच म्हणाले, "पाणी आणू का?"

"चा आन," पदराआडून उत्तर आलं. "आन त्या दीपेशला पन दे. जेवला नाय तो."

गुरुवारची मीटिंग प्राचार्यांच्या खोलीत झाली. पडद्यावर पाच चौकोनांत पाच चेहरे. नम्रतानं सांगायला सुरुवात केली. एकशे पंच्याण्णवपैकी एकशे एक्केचाळीस, म्हणजे शंभरात बहात्तर, तेही सापडली नाहीत त्यांना नापास धरून. आणि याच कॉलेजातली, त्याच वर्षांतली, तितक्याच केटी असलेली पण वर्गाला न आलेली मुलं? शंभरात चव्वेचाळीस.

एका चौकोनातले गृहस्थ पुढे झुकले. "पण जे वर्गाला नाव घालतात ते मुळातच धडपडे असणार. वर्ग नसता तरी पास झाले असते. वर्गाचं श्रेय कसं मानायचं?"

प्राचार्यांनी मान हलवली. प्रश्न बरोबर होता. ट्रे घेऊन आत येणारी मावशी दाराशीच थांबली.

"याचं उत्तर वर्गाच्या अपयशात आहे, सर," नम्रता म्हणाली. "शेणवे गावाच्या बाजूची पस्तीस पानं आहेत. ही मुलंही धडपडीच, स्वतःहून नाव घातलेली. पण वर्ग चारला सुरू होतो आणि त्यांची शेवटची एसटी साडेचारला सुटते. तारखा बघा. अर्धा तास बसून उठलेली, महिन्याभरात कंटाळून थांबलेली. त्यांच्यातली किती सुटली? सोळा. शंभरात सेहेचाळीस. वर्गाला न येणाऱ्यांच्या इतकीच. पहिल्या यादीत जी एकतीस नावं होती ना, त्यातली एकोणीस हीच. नुसत्या धडपडीनं काम झालं असतं तर यांचंही झालं असतं. ज्यांना खोलीत बसायला मिळालं, ती सुटली."

 मग तेच गृहस्थ म्हणाले, "मग वेळ बदला ना!"

"तेच सांगायचंय," प्राचार्य घाईनं म्हणाले, जणू हे त्यांना कधीपासून सुचलं होतं. "सकाळी साडेआठ करतो आम्ही."

"आठ," दारातून आवाज आला. पाचही चौकोन दचकले. "शेनव्याची पयली गाडी पावनेआठला येते. पोरं साडेआठपर्यंत स्टँडवर काय करतील? वडापाव खातील. आठच ठेवा."

केंद्र सुरू राहिलं. आठ वाजता.

नम्रतानं जाताना एकच अट घातली: पान फाडायचं तर फाडा, पण आधी झेरॉक्स, आणि झेरॉक्स वहीत शिवायची. मावशीनं पुष्कळ कुरकुर केली. पास झालेल्याचं नाव नापासांच्या वहीत राहणार म्हणजे. शेवटी तिनं त्याच्यावरही तोड काढली. झेरॉक्सवर आडवं, लाल शाईनं, मोठ्ठं 'सुटला' किंवा 'सुटली' लिहायचं. मग राहिलं नाव तरी हरकत नाही.

दीपेशचं पान तिनं स्वतः वहीत परत शिवलं. शब्दकोशाच्या कण्याला लावते त्याच जाड दोऱ्यानं, दुहेरी टाके घालून. तो सकाळी आठला वर्गात बसायचा आणि दहाला गोदामात जायचा. पहिल्या दिवशी कुणीतरी मागून म्हणालंच, "काय रे, पेढेवाले?" मावशी फळा पुसत होती. न वळता तिनं विचारलं, "कोन बोलला रे? तुझ्या किती केट्या? तीन ना? मग गप बस. त्याची एक हाय."

जूनमध्ये निकाल लागला. शेणव्याची रविना सकाळी पहिल्या गाडीनं आली, तिच्या दोन्ही केट्या सुटल्या होत्या. तिनं पायऱ्यांवरूनच ओरडत हात पुढे केला. "मावशी, पान!"

"थांब. झेरॉक्स."

रविनाच्या मागे दीपेश होता. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा नव्हता. दोन्ही हात मोकळे.

"पेढे नाय आनलेस?" मावशीनं विचारलं.

"तू खाशील असं वाटलं नाय."

मावशीनं चष्मा लावला. मनोजभाऊंच्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. आता तिला ते बघता यायचं, एका बोटानं का होईना. "नंबर बोल. हळू बोल."

दीपेशनं नंबर सांगितला. तिनं एकेक आकडा टाइप केला, परत तपासला, परत विचारला. पडदा बदलला. तिनं ओठ हलवत वाचलं. मग चष्मा काढून पुसला, परत लावला आणि परत वाचलं. दीपेश खुर्चीच्या मागे उभा होता, पण पडद्याकडे बघत नव्हता.

"मनोज्या, झेरॉक्स काढ. आन कातर दे."

टाके जाड होते, दुहेरी होते. एकेक करून कापायला तिला बराच वेळ लागला. पान सुटं झालं तेव्हा त्याच्या कडेला भोकांची एक सरळ ओळ राहिली होती. बाकी कुणाच्याच पानाला तशी नव्हती.

"घे," ती म्हणाली. "आता जा आन पेढे आन. मी जेवले नाय सकाळपास्नं."